शांतवन मास्तरांच्या दारातली तुळस

उजेड पाडायचे, चंदेरी कागद चिकटवलेले फळे तीन. खुर्च्या चार, कॅमेऱ्याची तिपाई एक. तुळशीवृंदावनाचे तुकडे, लहानमोठे धरून, एकवीस. सांडलेली माती पाटीभर. रोप मात्र नव्हतं.

मोजणी संपवून यशया साळवे उठला. खासगी तपासाच्या धंद्यात पडण्यापूर्वी तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तिथलं स्टॉपवॉच आणि सगळं मोजायची सवय त्याने बरोबर आणली होती. बरोबर त्याचा मित्र बन्सी होता. त्याला मोजण्याची सवय नव्हती.

नागापुरातलं शांतवन मास्तरांचं घर पुण्याच्या एका चित्रपट कंपनीने आठवडाभर भाड्याने घेतलं होतं. चित्रात घर हिंदू हवं होतं. म्हणून कंपनीने अंगणात बांबू, गोणपाट आणि प्लास्टरचं वृंदावन उभं केलं होतं. त्याला पाणी घालणारी पाठमोरी सून म्हणून दिग्दर्शकाने मास्तरांच्या बायकोलाच, रोझीला, निवडलं होतं.

"काल रविवार," मास्तर म्हणाले. "मी आणि रोझी संध्याकाळच्या उपासनेला गेलो. परत आलो तर वृंदावन फुटलेलं. आज सकाळी रोप सापडलं ते शेजारच्या रतनबाईंच्या परसात. नीट लावलेलं, पाणी घातलेलं. पुढ्यात दगडावर हळदकुंकू."

"मग राहिलं काय?" बन्सी म्हणाला. "ख्रिस्ती माणसाच्या दारात तुळस बघवली नाही बाईंना."

"दिग्दर्शकसाहेबही हेच म्हणाले, चारचौघांत. रतनबाईंनी तेव्हाच आडावरचा दोर काढून नेला. आड त्यांचा. मी लहान असल्यापासून आमचं पाणी तिथलंच. म्हणाल्या, 'चोराचं पाणी कशाला पिता?'" मास्तरांनी आडाकडे पाहिलं. "त्यांनी केलं नसेल, तर मला कळलं पाहिजे, साळवे. मला त्यांच्या पायरीवर जाता आलं पाहिजे."

रोझीने लिंबाचं सरबत आणलं. पाणी काल भरून ठेवलेलं, जपून वापरायचं. पेल्यात फुगलेलं काळं बी तरंगत होतं.

"बी बाजारातलं का, वहिनी?" यशयाने विचारलं.

"न्हाई हो. दारातलंच."

बन्सीने दुसरा पेला मागितला.

कंपनीचा सामानवाला छगन कान धरूनच पुढे आला. "राखणीला मीच होतो, साहेब. ड्रायव्हरबरोबर चहाला गेलो आणि गप्पांत रमलो." ड्रायव्हरनेही तेच सांगितलं. हॉटेलवाल्यानेही.

"तुळस कुठून आणलीस?"

"नगरातून. कबरस्तानाच्या कोपऱ्यावर फुलवाला बसतो, त्याच्याकडनं. काळ्यापांढऱ्या चित्रात हिरवं ते हिरवं, साहेब."

"आणि तोंडाला लावायच्या रंगांची पेटी? अंगणात दिसली नाही."

"ती पलीकडे, मास्तरांच्या भावजयीच्या, दीनाबाईंच्या खोलीत. इकडं पत्रा तापतो, रंग वितळतात."

रतनबाई आपल्या दारातल्या दगडी वृंदावनापाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आला का झडती घ्यायला? माझ्या दारात माझी तुळस हाय, सासूनं लावलेली. तुमचं ते झाडोरं मला कशाला?"

"रोझीवहिनींचा हेवा नाही वाटला?"

"वाटला की! का न्हाई वाटनार? माझं अंगन मोठं, माझं वृंदावन खरं, आन् फोटू तिच्या खोट्याचा. लई वाटला. पर हेवा वाटला म्हनून मी त्या झाडाला कुंकू लावत बसू व्हय?"

परसात यशयाने रोपाचं एक पान चुरगाळून हुंगलं आणि बन्सीपुढे धरलं.

"वास छान आहे," बन्सी म्हणाला.

"तुळशीचाच आहे ना?"

"मी तुळशीला लांबून नमस्कार करतो. हुंगायला कधी गेलो?"

यशयाने दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. हळद वाहून गेली. काळपट तांबडा टिळा होता तिथेच राहिला. त्याच्यावर पाण्याचे थेंब गोल होऊन ओघळले.

मास्तरांचा थोरला भाऊ इसहाक कोपरगावच्या साखर कारखान्यात होता. त्याची बायको दीना घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहत असे. मध्ये एक भिंत.

"डोकं दुखत हुतं. निजले हुते," ती म्हणाली. "शूटिंग सुरू झाल्यापासनं मी त्या अंगनात पाऊल टाकलं न्हाई. बोलावलंय कुनी? थोरली मी. पेटी ठेवायला माझी खोली, आन् उभं ऱ्हायला धाकटी."

"सरबत तरी घेतलंत का?"

"तिच्या हातचं? नगं."

"आणि रतनबाईंबद्दल काय वाटतं?"

"लई तुळसवाली ती! परक्याच्या दारातली बघवंल का तिला?"

दुपारी यशयाने सगळ्यांना आडापाशी बोलावलं. रोप कुंडीत घालून त्याने काठावर ठेवलं.

"हे झाड तुळस नाही," तो म्हणाला. "सब्जा आहे."

दिग्दर्शक छगनकडे बघू लागला. छगन जमिनीकडे.

"कबरीवर लावायला कबरस्तानाबाहेर सब्जा विकतात. छगनला माहीत होतं. रोझीवहिनींनाही माहीत होतं. मंजिऱ्यांचं बी काढून त्यांनी सरबतात घातलं. बन्सी दोन पेले प्याला. आणि तुळशीला रोज हात लावणाऱ्या बाईला तर पानाच्या वासावरून कळतं."

"पहिल्याच दिशी कळलं," रतनबाई म्हणाल्या. "म्हटलं, शिनेमावाल्यांचं समदंच खोटं. आन् सकाळी मला कुनी इचारलं?"

"म्हणून यांच्या लेखी ते नुसतं झाडोरं. मग सब्ज्याला भक्तिभावाने हळदकुंकू कोण वाहील? जो त्याला तुळस समजला, तो. ज्याने हे रोप जवळून पाहिलं नाही, ज्याने सरबतही घेतलं नाही."

"पण कुणी मुद्दाम यांच्यावर आळ आणायला लावलं असेल तर?" बन्सीने विचारलं.

"मुद्दामच लावलं. पण सब्जा आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने रतनबाईंवर सब्ज्याच्या पूजेचा आळ घेतला नसता. त्या एका वाक्यात सुटल्या असत्या. दुसरं, दगडावरचं कुंकू पाण्याने गेलं नाही. तो तेलातला रंग आहे, कंपनीच्या पेटीतला. रतनबाईंच्या घरी करंडा भरून कुंकू आहे. त्या पेटी कशाला उघडतील? ज्या घरात कुंकू ठेवत नाहीत, तिथल्याच माणसाला ती उघडावी लागते. मास्तर आणि वहिनी उपासनेला होते. छगन हॉटेलात. पेटी एकाच खोलीत होती."

दीनाने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"लुगडं कसं नेसायचं ते मी शिकवलं तिला," ती म्हणाली. "पदर मीच बसवला, शूटिंगच्या आदी, आत घरात. मंग तो सायेब म्हनला, 'बाई, जरा बाजूला व्हा.' मला म्हनला."

रोझी पुढे झाली. दीनाने तोंड फिरवलं.

मास्तर रतनबाईंच्या पायरीकडे निघाले, पण रतनबाई तोवर घरातून दोर घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो रहाटाला लावला.

"भरा पानी. मास्तर, तुमी काय बोलू नगा." मग त्या दीनाकडे वळल्या. "पर माझ्या नावानं का गं, दीना? हेवा तर मला बी वाटला."

"तुला बोलून दाखवता येतो," दीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवं वृंदावन उभं राहिलं. सब्जा तोच.

दिवाळीनंतर चित्र नगरला लागलं. मास्तरांनी सगळ्यांना नेलं. रोझी एका टोकाला, दीना दुसऱ्या टोकाला, मधे रतनबाई. दीनाच्या शेजारी यशया, हातात स्टॉपवॉच.

पडद्यावर अंगण आलं. वृंदावन आलं. पाठमोऱ्या सुनेने तांब्या कलता केला. मागे कुणीतरी शिट्टी मारली. मग चित्र दुसरीकडे गेलं.

दीना अंधारात वाकली. "किती येळ दिसली वो ती?"

यशयाने घड्याळाची काच पडद्याच्या उजेडाकडे धरली.

"चार सेकंद."