हॅदर्लीचा खेळ, कोकणची सुपारी

प्रेमकथेतल्या मुलीने पावसात भिजायचं असतं. मैत्री भिजली नाही, वैतागली. अल अमेरातला चुलत बहिणीकडे जेवायला गेली होती आणि परतताना वादी, म्हणजे एरवी कोरडा पडलेला ओढा, आडवी आली. मस्कतचा पाऊस असाच. वर्षभर तोंड दाखवत नाही, आणि आला की डोंगरावरचं सगळं पाणी घेऊन रस्त्यावरून धावत सुटतो. पोलिसांनी गाडी आडवी लावून रस्ता बंद केला होता. पुढे गढूळ पाणी, मागे गाड्यांची रांग, आणि रांगेतली निम्मी माणसं खाली उतरून पाण्याचे व्हिडिओ काढत होती.

तिच्या शेजारी एक पांढरी पिकअप उभी होती. तिच्या बॉनेटला टेकून एक माणूस गरमागरम चिप्स खात होता आणि खिशातल्या बाटलीतून त्यांवर काहीतरी ओतत होता.

"च्यायला, संपलं," तो बाटली झटकत म्हणाला.

मराठी शिवी ऐकून मैत्रीने काच खाली केली. "काय संपलं?"

तो दचकला, मग हसला. "व्हिनेगर."

"चिप्सवर व्हिनेगर?"

"आमच्या गावाकडे असंच खातात."

"कुठलं गाव?"

विचारलं आणि तिने जीभ चावली. हा प्रश्न तिला आयुष्यात सगळ्यात नावडता. परदेशात मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की तिसऱ्या वाक्याला गाव विचारतो, चौथ्याला आडनाव. त्याला काही भूगोलाची हौस नसते. समोरचा गावाच्या कुठल्या टोकाचा, एवढंच त्याला पाहिजे असतं. आणि आज तिनेच विचारलं होतं.

"हॅदर्ली," तो म्हणाला.

"हे कुठे आलं?"

"इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये." त्याने चिप्सचा कागद खिडकीतून पुढे केला. "घ्या. व्हिनेगर लागलेल्या खालच्या बाजूला आहेत."

ही थापच असणार, तिला वाटलं. गाव लपवणारे तिने खूप पाहिले होते. ती स्वतः त्यांतलीच. पण इंग्लंडच्या मागे लपणारा हा पहिलाच. आडनाव त्याने सांगितलं नाही, तिनेही नाही. तो फक्त स्वरूप, ती फक्त मैत्री. पाणी ओसरेपर्यंत चिप्स संपल्या. घरी पोचल्यावरही बोटांना आंबट वास येत होता... आणि तिने हात धुतले नाहीत. का, ते तिला कळलं नाही.

---

मैत्री मस्कतच्या अल खुवैर भागात एका कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. स्वरूप लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. तिच्या ऑफिसची लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे निघाली, आणि त्यानंतर ती धडधाकट लिफ्ट सारखी तपासणीला लागू लागली.

"आज काय झालंय तिला?" मैत्री विचारायची.

"आवाज करते."

"कसला?"

"तो उभा राहून ऐकावा लागतो. चारच्या सुमारास, चहाबरोबर."

गाव थाप नव्हतं. त्याचे वडील हॅदर्लीजवळच्या शहरात एका इंडियन रेस्टॉरंटात आचारी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई आणि तो त्याच गावात वाढले, म्हणजे तो वाढला आणि आई थंडीने कुडकुडली. शाळेत जाण्याचं वय सरायच्या आत वडिलांची तब्येत बिघडली आणि सगळे कणकवलीजवळच्या मूळ गावी परतले. तिथली पोरं त्याला 'सायब' म्हणायची. त्यामुळे मनातलं गाव हॅदर्लीच राहिलं. दारात दूधवाल्याच्या काचेच्या बाटल्या, त्यांची चंदेरी टोपणं चोचीने फोडून साय खाणारे पक्षी. धुक्यात रस्ता ओलांडायला मदत करणारी, हातात गोल पाटी घेतलेली म्हातारी. हे सांगताना त्याचे डोळे असे व्हायचे, की मैत्रीला ऐकतच राहावंसं वाटायचं आणि त्याच वेळी उठून जावंसंही.

"आता तुझं गाव सांग."

"माझं गाव ग्रीटिंग कार्ड नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा पी."

एका शुक्रवारी तो तिच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये आला. हातात बुटाच्या दोन नाड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक अख्खी सुपारी ओवलेली.

"कॉन्कर," तो म्हणाला. "तिथे एक झाड असतं, त्याची चकचकीत तपकिरी फळं पडतात. भोक पाडायचं, नाडीत ओवायचं. एकाने लोंबती धरायची, दुसऱ्याने आपली तिच्यावर हाणायची. ज्याची फुटली तो हरला. ती फळं इथे कुठून आणू? आईने सत्यनारायणासाठी सुपाऱ्या दिल्या होत्या. ड्रिलने भोक पाडलं."

मैत्री सुपारीकडे पाहत राहिली. तिच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या. पूजेची सुपारी तिने आजवर हातातही धरली नव्हती.

"आणि जिंकला तो एक प्रश्न विचारणार," स्वरूप म्हणाला. "हरला त्याने खरं उत्तर द्यायचं."

"हाही हॅदर्लीचा नियम?"

"हा माझा."

त्याचा प्रश्न काय असणार, हे तिला माहीत होतं. म्हणून ती जीव तोडून खेळायची. पण सुपारी ती सुपारी. कितीही हाणा, फुटायचं नाव नाही. दर शुक्रवारी ठक-ठक व्हायचं, कधी नेम चुकून बोटावर बसायची, मग तो ते बोट हातात धरून उगाच तपासायचा... आणि ती उगाच तपासू द्यायची.

वर बाल्कनीतून तिची रूममेट तृप्ती ओरडायची, "अरे, आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. तुम्ही ठरायच्या आधीच सुरू झालात. फुटली की सांगा, साखर टाकते खाली."

"तू आत जा," मैत्री म्हणायची. कान मात्र तापायचे.

खरं सांगायचं तर तिला काहीच समजत नव्हतं. या माणसाने पूजेच्या सुपाऱ्या खेळायला काढल्या म्हणजे तो सोवळ्याओवळ्यातून सुटलेला, की कुणाच्या हातात देतोय हेच ठाऊक नसलेला? गाव सांगितलं तर हे शुक्रवार राहतील? आणि न सांगता राहिले, तर ते शुक्रवार कुणाचे?

---

मग बशी आली.

दोघं समुद्राकाठी बसले होते. स्वरूप बोलता बोलता हॅदर्लीच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात शिरला होता. मोठ्या काचेच्या बरण्या, तराजू, कागदाची पुडी.

"आणि दुकानवाल्या बाईंनी माझ्या आईसाठी वेगळी बशी ठेवली होती," तो कौतुकाने म्हणाला. "निळ्या फुलांची. बाकीचे लोक हातात पैसे द्यायचे. आईने बशीत ठेवायचे, सुटेही बशीतून उचलायचे. फक्त आईला. मी शाळेत फुशारकी मारायचो, आमची स्पेशल बशी आहे म्हणून."

मैत्रीच्या हातातला चहा तसाच राहिला.

"स्वरूप."

"काय?"

"तो मान नव्हता."

"मग काय होतं?"

"तिला तुझ्या आईच्या हाताला हात लावायचा नव्हता."

तो हसला. मग हसू अर्ध्यातच थांबलं. "नाही गं. तुला काय माहीत? तू कुठे होतीस तिथे?"

"मी सावळापूरला होते," ती म्हणाली. इतकी वर्षं दातांखाली धरलेलं नाव असं सहज बाहेर पडलं. "वाशीमकडे. आमच्या दुकानदाराकडे बशी नव्हती, तेवढी ऐपत नव्हती त्याची. तो वरून टाकायचा. साखर, सुटे पैसे, सगळं. मी ओंजळ धरायची. खाली पडलं तर तो हसायचा. आम्ही पूर्वेकडच्या टोकाचे. बौद्ध. झालं तुझं उत्तर? हरले नव्हते तरी दिलं."

लाट आली, गेली.

"दोन्ही एकच नाहीत, हेही ऐक," ती म्हणाली. आता थांबवणं तिच्या हातात नव्हतं. "तू हॅदर्ली सोडलंस आणि तुझं संपलं. कणकवलीत उतरलास तेव्हा तू पुन्हा वरचा झालास. मी मस्कतला आले तरी लोक गाव विचारतात."

स्वरूप उठला. "मला... मी जातो जरा," म्हणाला, आणि खरोखरच गेला.

---

लिफ्टची तपासणी बंद झाली. शुक्रवार आला, ठक-ठक झालं नाही. मैत्री चिडली, मग रडली, मग रडल्याबद्दल चिडली. तो गावावरून गेला, की बशीवरून? गावावरून गेला असेल तर खड्ड्यात जाऊ दे. बशीवरून असेल तर... एखाद्याचं अख्खं बालपण एका वाक्यात फोडायचा तिला काय अधिकार होता? की होता? तृप्तीला विचारावं तर ती म्हणाली, "मला दोघांचंही पटतं," म्हणजे काहीच उपयोग नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी खालून हॉर्न वाजला. पिकअप. दाढी वाढलेली, हातात नाड्या.

"इतके दिवस कुठे मेला होतास?"

"आईला विचारायचं धाडस गोळा करत होतो. काल विचारलं." त्याने पायाने खडा ढकलला. "तिला माहीत होतं. तेव्हापासून. म्हणाली, तू खूश होतास, म्हणून गप्प राहिले. आता मला ते दुकान आठवतच नाही धड. फक्त बशी दिसते."

"सॉरी."

"नको. खरं सांगायला दुसरं कुणी नव्हतं." तो थांबला. "आईला तुझ्याशी बोलायचंय. नको असेल तर—"

"लाव."

स्क्रीनवर एक बाई आली, केसांत अबोली, मागे माडांची झावळं. तिने मैत्रीला नीट न्याहाळलं.

"बशेचां तूच सांगलंस?"

"हो."

"गाव खंयचा गो तुझा?"

स्वरूप मध्ये बोलायला गेला. मैत्रीने त्याला हाताने थांबवलं. "सावळापूर. पूर्वेकडची वस्ती. आम्ही बौद्ध आहोत."

पलीकडे कोंबडा ओरडला. नेटवर्क गेलं की काय, म्हणून स्वरूपने फोन हलवला. गेलं नव्हतं.

"थंय पावस पडता बरो?" अखेर ती म्हणाली.

"कधी पडतो, कधी नाही."

"हं. रे स्वरूपा, ते सुपारे देवाचे हत, खेळूक नाय दिले." आणि फोन बंद झाला.

स्वरूपने फोन खिशात टाकला.

"हे हो होतं, की नाही?" मैत्रीने विचारलं.

"मला कळलं नाही. आईला कळलं असेल असंही वाटत नाही." त्याने नाडी पुढे धरली, सुपारी लोंबत ठेवली. "पण माझं हो आहे. ते तिच्यावर अवलंबून नाही. मार."

"असं कोण मागणी घालतं?"

"मार गं."

तिने मारली. इतक्या आठवड्यांचा सगळा राग, सगळे चहा, सावळापूरचा दुकानदार, सगळं एका फटक्यात. कटकन आवाज झाला आणि अर्धी सुपारी पिकअपखाली उडाली.

दोघंही गोंधळले. फुटेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"जिंकलीस," तो बोट चोळत म्हणाला. "विचार प्रश्न."

"तुझं गाव कुठलं?"

त्याचं तोंड सवयीने उघडलं. हॅदर्ली आलं नाही. कणकवलीही आलं नाही. तो तसाच उभा राहिला, जत्रेत हरवलेल्या माणसासारखा, आणि मैत्रीला तो पहिल्यांदा पुरता आवडला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच. आता नाही माहीत."

"मला तर माझं नकोच आहे," ती म्हणाली आणि त्याचं लाल झालेलं बोट हातात घेतलं. "चल, बघू नवं कुठे मिळतं."

वरून तृप्तीचा आवाज आला. "फुटली का गं? साखर टाकू?"

"साखर राहू दे," मैत्री वर न बघता म्हणाली. "व्हिनेगर असेल तर टाक."