तिसऱ्या खंडाची चोरी

"बाई, मले काऊन चोर म्हणून राह्यले सारे?" धुरपता झाडू टाकून रडायलाच लागली.

वर्ध्याच्या त्या वाचनालयातून महायुद्धातल्या युरोपवरच्या इंग्रजी ग्रंथाचा तिसरा खंड नाहीसा झाला होता. अध्यक्ष अण्णाजींनी तिन्ही खंड हौसेने विलायतेहून मागवले होते. संध्याकाळी प्राध्यापक वासुदेवरावांचं त्यावरच व्याख्यान होतं. त्याआधी खंड सापडला नाही तर झाडलोट करणाऱ्या धुरपताला कामावरून काढायचं, असं अण्णाजी बोलून मोकळे झाले. तिचा नवरा रद्दी विकतो म्हटल्यावर त्यांना आणखी पुरावा कशाला हवा!

ग्रंथपाल शरयूला ते पटेना. रद्दीच न्यायची तर एकच खंड कोण नेईल?

"काल पुस्तकं पुसलीस तेव्हा तो होता?"

"होता ना, बाई. सगळ्याईत कडुलिंबाचा पाला घातला. त्याच्यात लय तरास झाला. पानं वरून, बाजूनं जुडेलच. मंग खालून खिशात घालावा तसा सारला."

या ग्रंथाची पानं कडेला जोडलेलीच आली होती. पहिल्या वाचकाने ती सुरीने कापायची आणि सुरी शरयूकडून मागून घ्यायची, अशी इथली पद्धत. तिसरा खंड महिनाभर वासुदेवरावांकडे होता. परवा परत करताना ते म्हणाले होते, "लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांचं प्रकरण वाचून डोळे भरून आले."

वर्तमानपत्र चाळत बसलेल्या कृष्णकांतला तिने गाठलं. तो कॉलेजात शिकायचा आणि सुटीचा दिवस इथेच काढायचा.

"आज सकाळी कोण आलं होतं?"

"अण्णाजी. वासुदेवराव सरांना म्हणाले, आज लंडनचं प्रकरण खंडातूनच वाचून दाखवा. मग ते गेले, सर थांबले."

"सर काय करत होते?"

"कापूस बाजाराचे जुने अहवाल पाहत होते."

"जाताना हातात काही?"

"काहीच नाही. रिकाम्या हातानं गेले."

इतिहासाच्या माणसाला कापसाचे अहवाल? शरयूच्या मनात पाल चुकचुकली. ती उठून अहवालांच्या कपाटाकडे गेली.

संध्याकाळी सभागृह भरलं. शरयूने टेबलावर तिसरा खंड ठेवला आणि शेजारी सुरी.

"सापडला?" अण्णाजी उठलेच. "कोणं नेलता?"

"बाहेर गेलाच नव्हता. अहवालांच्या मागे दडवला होता. काल धुरपतानं पाला घातला तेव्हा याची पानं जोडलेलीच होती. म्हणजे परवा परत आलेला खंड कुणी वाचलाच नव्हता. आज तो सगळ्यांसमोर वाचायचा, तर माझ्याकडे सुरी मागावी लागली असती. ती मागायची लाज कुणाला वाटली, अण्णाजी?"

"हा माझा अपमान आहे!" वासुदेवराव कडाडले.

"मग वाचा ना, सर. लंडनचं प्रकरण."

त्यांनी खंड उघडला. प्रकरणाची पानं काही केल्या सुटेनात. शेवटी त्यांनी सुरी उचलली. पान कापलं गेलं आणि कडुलिंबाची डहाळी टेबलावर पडली.

"तुमचा आब राखायला तिची भाकर जात होती, सर," शरयू संतापून म्हणाली.

वासुदेवराव खाली मान घालून बसले. "मी सकाळीच बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

अण्णाजींनी दाराशी उभ्या धुरपताला हात जोडले. "चुकलं माह्यं, बाई. उद्या येजो कामावर."

धुरपता पुढे आली. तिने डहाळी उचलून त्या कापलेल्या पानात परत ठेवली.

"राहू द्या जी, मास्तर," ती म्हणाली. "वाचाल तवा खूण होईन."