उणीवलहर

वाकदरीच्या वाचनालयात आता पुस्तक मागायला कुणी येत नसे. लोक पाठ घ्यायला येत. राज्यातली सगळी सार्वजनिक वाचनालयं पाठकेंद्रं झाली होती. ग्रंथपालांनी बारा आठवड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन पाठरचना शिकायची, नाहीतर वाचनालयाला कुलूप, असा हुकूम होता. वाकदरीच्या ग्रंथपाल इंदुमती ढवळे तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. वाचनालय बंद पडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी त्या पडद्यासमोर बसल्या.

शिकवायला डॉ. केतकी सबनीस होत्या, मेंदूशास्त्रज्ञ. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, की आपल्याला काहीतरी ठाऊक नाही हे जाणवतं, त्या क्षणी मेंदूत एक बारीक लहर उठते. तिला त्या उणीवलहर म्हणत. तिथेच शिकणारा अडखळतो, वैतागतो, पाठ सोडून उठतो. कपाळावर बांधायच्या पट्टीला त्या लहरीची चाहूल अर्धा सेकंद आधी लागते. पाठरचनाकाराने पाठात शेकडो उत्तरं पेरून ठेवायची. पट्टी त्यातलं नेमकं उत्तर तेवढ्यात समोर आणते. शंका यायच्या आत फिटते.

प्रशिक्षणातही पट्टी बांधावी लागे. सुरुवातीला इंदुमतीबाई रडकुंडीला आल्या. आठव्या आठवड्यानंतर मात्र सगळं एकदम सोपं झालं. त्यांनी रचलेल्या पाठांवर नर्सिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या मुली पास झाल्या. गावात बाईंचं नाव झालं.

वामनराव तिरमारे विहिरी खोदायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वीस वर्षं ते रोज संध्याकाळी एखादा प्रश्न घेऊन यायचे. "बाई, थंडीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं?" "एकाच वावरात एका विहिरीला खारं न् दुसरीला गोडं, हे कसं काय?" मग दोघं मिळून पुस्तकं धुंडाळायची. त्यांच्यासाठी बाईंनी भूजलाचा पाठ जीव ओतून रचला. वामनरावांनी तो सहा आठवड्यांत संपवला.

नंतरही ते यायचे. बाकावर टेकायचे, उठून जायचे.

"आज काही विचारायचं दिसत नाही." बाईंनी एकदा हसून म्हटलं.

"काय विचारू? समदं कळलंय."

बाईंना ती पाठाला मिळालेली पावती वाटली.

आश्विनात वामनराव गावाबाहेरची जुनी, कित्येक वर्षं बंद असलेली विहीर उपसायला गेले. अशा विहिरीत विषारी हवा साठते. पेटता कंदील खाली सोडून, तो विझत नाही ना हे पाहिल्याशिवाय ते कधी उतरत नसत. त्या दिवशी त्यांनी कंदील मागितलाच नाही. वरच्या पायरीवर दोन पारवे मरून पडले होते. वामनरावांनी ते पायाने बाजूला सारले आणि ते उतरले. त्यांना वर काढलं तेव्हा अंग गार पडलं होतं.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी सुगंधा पाठकेंद्रात आली. "मी काठावर उभी होते. ते एकदाही थबकले नाहीत. तुम्हाला हे पाठ शिकवणाऱ्या मॅडमशी मला बोलायचंय."

बाईंनी पडदा लावून दिला. डॉ. सबनीसांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"कंदिलाचं त्यांना माहीत होतं ना?" सुगंधाने विचारलं.

"माहीत होतंच. पण माहीत असलेलं वेळेवर आठवायला आधी शंका यावी लागते. लहर उठूच दिली नाही, की मेंदू ती उठवणं सोडून देतो. आमच्या हे यंदा लक्षात आलं."

"परत येते?"

"अजून तरी कुणाची आलेली नाही."

"मग पाठ चालू कसे?"

"निकाल पंच्याण्णव टक्के लागतो, सुगंधाताई. पाठ थांबवणं माझ्या हातात नाही."

सुगंधा बाईंकडे वळली. "तुम्ही तर त्यांना वीस वर्षं ओळखत होता. ते विचारायचे बंद झाले, तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

डॉ. सबनीसांनी पडद्यावर एक आलेख आणला. प्रशिक्षणातला, इंदुमती ढवळे यांचा. उणीवलहरीची रेघ आठव्या आठवड्यापर्यंत थरथरत आली होती. पुढे सपाट.

बाईंनी आलेख पाहिला. त्यांना तो पूर्ण समजला. वामनराव गेले, ते आपल्या पाठामुळे गेले, हेही समजलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सुगंधा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आता बाई काहीतरी विचारतील, निदान 'मी काय करू' एवढं तरी, या आशेने ती बराच वेळ थांबली. मग चपला घालून निघून गेली.

अकरा वाजता नर्सिंगच्या मुलींची नवी तुकडी आली. इंदुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि एकेकीच्या कपाळावर पट्टी नीट बांधून दिली.