गोफणला पाठवलेला शेवटचा संदेश

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मंगळावरच्या हरितगृहात (रोपं वाढवण्यासाठी बांधलेल्या पारदर्शक घरात) बाराही वाफ्यांना दुप्पट पाणी सोडलं गेलं. पाण्याची टाकी निम्मी रिकामी झाली. मधल्या आठ वाफ्यांत पाणी साचलं.

असं करायला कोणीच सांगितलं नव्हतं. निदान केतकी लिगाडेची तरी तशी खात्री होती.

हरितगृहात ज्वारी होती. मंगळावरच्या वसाहतीने पृथ्वीवरच्या काही शाळांना एकेक पीक वाटून दिलं, तेव्हा मंगळवेढ्याच्या शाळेने दुसरं काही मागितलंच नाही. काळ्या रानातली मालदांडी ज्वारी वर गेली. मंगळवेढ्याची ज्वारी मंगळावर, हा विनोद गावात इतक्या वेळा झाला होता, की आता त्यावर कोणी हसत नसे. पिकाची राखण एक यंत्रमानव करायचा. पाखरं हाकलायची गोफण आठवून मुलांनी त्याचं नाव गोफण ठेवलं होतं. त्याला सूचना पाठवायचं काम यंदा आठवीतल्या केतकीकडे आणि सोहेल मुजावरकडे होतं.

ज्वारी पोटरीत आली होती. म्हणजे कणीस अजून पानाच्या गुंडाळीत होतं, बाहेर पडायच्या बेतात. या दिवसांत पाणी चुकलं तर दाणे भरत नाहीत, हे मंगळवेढ्यातल्या मुलांना पुस्तकात वाचावं लागत नाही.

सात वाजता गोफणचा संदेश आला. "नमस्कार केतकी. तुमच्या सूचनेप्रमाणे सर्व वाफ्यांना दुप्पट पाणी दिलं. मधल्या वाफ्यांत पाणी साचलं आहे. पुढे काय करू?"

त्यानंतर दीड तासाने दुसरा आला. "'फक्त कडेच्या' असा संदेश आत्ता मिळाला. कडेच्या कशाचं काय करायचं आहे?"

केतकीने फोन उचलला आणि वर्गाच्या गटावर लिहिलं, "सोहेल, तुला काल संदेश तपासायला सांगितलं होतं ना!!! पीक गेलं तुझ्यामुळे." चाळीस मुलांनी ते वाचलं. सोहेलने उत्तर दिलं नाही. मग ती सायकल काढून गावाबाहेरच्या संदेशकेंद्रावर गेली. तिथे तिची पद्मजाआत्या प्रमुख शास्त्रज्ञ होती.

आत्या मोठ्या ताटली-अँटेनाखाली (आकाशातले संदेश झेलणाऱ्या आणि पाठवणाऱ्या ताटलीखाली) चहा पीत उभी होती.

"आत्या, गोफण बिघडलाय."

"बस आधी. काल काय पाठवलंस ते दाखव."

केतकीने फोन पुढे केला. बुधवारीच तिला कळलं होतं, की भिंतीलगतचे चार वाफे लवकर वाळतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, घाईघाईत, तिने लिहिलं होतं:

"ऐक ना"
"उद्या सकाळी"
"पाणी दुप्पट कर"
"फक्त कडेच्या"
"वाफ्यांना हं"

"बघ की, नीट सांगितलंय," केतकी म्हणाली.

"सांगितलंयस. पण पाच वेळा," आत्या म्हणाली. "ही ताटली काही तुझ्या एकटीची नाही. सगळी वसाहत हिच्यावरून बोलते. गिरणीत तू पायली ज्वारी पाच डब्यांत घेऊन गेलीस आणि प्रत्येक डब्यासाठी पुन्हा रांगेत उभी राहिलीस तर काय होईल?"

"मधे दुसऱ्यांची दळणं लागतील."

"तसंच झालं. तुझे तीन डबे दळून झाले. चौथ्याचा नंबर येईपर्यंत मंगळ मावळला. सध्या तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. राहिलेले दोन संदेश आज सकाळी मंगळ उगवल्यावर गेले. तोवर गोफणने पाणी सोडलेलं होतं."

"पण त्याने विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तर उत्तर कधी मिळालं असतं? संदेश रेडिओलहरींवर जातो. त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात. त्याहून वेगवान काही नाही. तरी मंगळ सध्या इतका लांब आहे, की जायला बावीस मिनिटं आणि यायला बावीस. शिवाय आपली ताटली रात्री मंगळाकडे पाहूच शकत नाही. पाण्याची वेळ झाली, हातात पूर्ण दिसणारी सूचना होती. त्याने ती पाळली. तू समोर उभी असतीस, तर तुझा चेहरा पाहून तो थांबला असता. लिहिलेल्या शब्दांबरोबर चेहरा जात नाही, केतकी."

केतकीने फोन परत घेतला. मग म्हणाली, "दुपारी नीट लिहिते."

"दुपारीच लिही. उद्यापासून पाठवता येणार नाही." आत्याने मनगटावरच्या पडद्यावर तीन टिंबं काढली: पृथ्वी, सूर्य, मंगळ, एका रेषेत. "याला युती म्हणतात (सूर्याच्या एका बाजूला आपण आणि बरोबर पलीकडे मंगळ). सूर्याचा स्वतःचा रेडिओ-गोंगाट इतका असतो, की त्यातून गेलेला संदेश अर्धामुर्धा पोचतो. अर्धी सूचना काय करते ते तू आज पाहिलंस. म्हणून दोन आठवडे सगळं बंद. संध्याकाळी पाचच्या आत जे जाईल, तेवढ्यावर गोफणला दोन आठवडे काढायचे आहेत."

आणि त्याच दोन आठवड्यांत कणसं बाहेर पडणार होती.

केतकीला एक गोष्ट ठाऊक नव्हती: पाणी मुळात साचलं का? वाफ्यांना निचरा होता. निचऱ्याचं काम सोहेल बघायचा. तिने त्याला लिहिलं, "?". दहा मिनिटांनी लिहिलं, "??". मग, "आहेस का".

"येईल उत्तर?" आत्याने विचारलं.

"मुद्दाम देत नाहीये. फुगलाय."

"मला ते तीन संदेश आले असते, तर मलाही कळलं नसतं काय हवंय ते. आणि सकाळी तू त्याला कुठे बोललीस?"

"गटावर."

"चूक एकट्याची दाखवायची असेल तर एकट्याला दाखवावी. चाळीस जणांसमोर दाखवली, की माणूस चूक बघत नाही. चाळीस जणांचे चेहरे बघतो. आणि ती चूक त्याची होती का?"

केतकीने फोन हातात घेतला. तिने आधी गटावर लिहिलं, "सकाळी मी सोहेलवर आरोप केला, तो चुकीचा होता. संदेश मी तुकड्यातुकड्यांत पाठवला, म्हणून पाणी चुकलं. सोहेल, मला माफ कर." मग एकट्या सोहेलला लिहिलं:

"सोहेल, मधल्या आठ वाफ्यांत पाणी साचलं आहे. त्यांच्या निचऱ्याच्या झडपा सध्या उघड्या आहेत की बंद, हे मला हवं आहे. आज पाचच्या आत गोफणला शेवटचा संदेश जाणार आहे, म्हणून तीनपर्यंत कळव. जमलं तर संदेशकेंद्रावर ये. आपण दोघांनी मिळून लिहिलं तर बरं होईल."

 अर्ध्या तासाने सोहेल स्वतःच दारात उभा राहिला. धापा टाकत होता.

"झडपा अर्ध्या बंद आहेत," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात मीच करायला लावल्या. पोटरीत ओल टिकावी म्हणून. तुला सांगायचं राहिलं." मग म्हणाला, "तुझी दोन प्रश्नचिन्हं बघून वाटलं, अजून शिव्या येतायत."

"येणारच होत्या," केतकी म्हणाली.

दोघांनी लिहायला घेतलं. पहिला खर्डा केतकीने मोठ्याने वाचला. "हाय गोफण, कसा आहेस, जेवलास का, तिकडे थंडी असेल ना..."

"जेवतोय व्हय तो?" सोहेल म्हणाला.

"सभ्यपणा नको का?"

"हवाच," आत्या म्हणाली. "एक नमस्कार पुरे. समोरच्याला शोधत बसावं लागू नये, यातही सभ्यपणाच असतो. आता असं करा. मी गोफण. मी आत्ताच जागी झालेय, तुमच्या गप्पांतलं मला काहीही माहीत नाही. वाचा."

"मधल्या वाफ्यांचं पाणी काढून टाक, आणि बाकीच्यांना नेहमीसारखं दे."

"काढून कुठे टाकू? बाहेर?"

"नाही नाही! टाकीत!"

"तसं लिहिलेलं नाही. मी बाहेर टाकलं. टाकी रिकामी. पुढे वाचा. नेहमीसारखं म्हणजे कालच्यासारखं की आजच्यासारखं? आज दुप्पट होतं."

सोहेलने कपाळावर हात मारला. "आत्या, तुम्ही गोफणपेक्षा लई वाईट आहात."

आत्याने सात खर्डे असेच नापास केले. साडेचारला आठवा तिने वाचला, पुन्हा वाचला आणि काहीच विचारलं नाही. तो असा होता:

"विषय: संपर्क बंद असतानाचं पाणी.
नमस्कार गोफण. आज सकाळची दुप्पट पाण्याची सूचना रद्द समज. ती तुझ्यापर्यंत अर्धवट पोचली. चूक आमची होती.
मधल्या आठ वाफ्यांच्या निचऱ्याच्या झडपा हा संदेश मिळताच पूर्ण उघड. निघालेलं पाणी टाकीत परत घे. त्या वाफ्यांची माती वरून बोटभर वाळेपर्यंत त्यांना पाणी देऊ नकोस. माती वाळली की झडपा पुन्हा अर्ध्या बंद कर आणि रोज एकपट पाणी सुरू कर.
भिंतीलगतच्या चार वाफ्यांना उद्यापासून रोज दीडपट पाणी दे.
टाकीत पाव भागाहून कमी पाणी उरलं, तर आधी भिंतीलगतच्या वाफ्यांना दे, कारण त्यांची कणसं आधी बाहेर पडतील.
यात न बसणारं काही घडलं, तर जास्तीत जास्त रोपं वाचतील असा उपाय तू निवड. आम्हाला विचारण्यासाठी थांबू नकोस.
केतकी लिगाडे, सोहेल मुजावर."

"गेला," आत्या म्हणाली. एकाच डब्यात, एकाच रांगेतून. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तिघं ताटलीखाली बसून राहिली. ती मावळतीकडे हळूहळू कलत होती. केतकीच्या डोक्यात आता निळ्या काळोखातून एक लहर धावत होती, आणि तिच्यात भर घालायला किंवा तिला माघारी बोलवायला कोणीही काहीही करू शकत नव्हतं. पाठवण्याआधी वाचायचं ते यासाठी, हे तिला कोणी सांगायची गरज उरली नाही.

"उद्या माणसं गुरूच्या चंद्रांवर राहायला गेली," सोहेलने विचारलं, "तर संदेशाला किती वेळ?"

"पाऊण तासाच्या आसपास. ताऱ्यांपाशी गेली तर वर्षं," आत्या म्हणाली. "तेव्हा पत्र लिहिणाऱ्याला फार नीट लिहावं लागेल. त्यातली काही पत्रं तुमच्या वयाची मुलं लिहीत असतील."

साडेपाच वाजता पडदा उजळला. गोफणचं उत्तर होतं.

"नमस्कार केतकी, नमस्कार सोहेल. संदेश पूर्ण मिळाला. झडपा उघडल्या आहेत. माझे काही प्रश्न नाहीत."

"पहिल्यांदाच," सोहेल म्हणाला.

सहाच्या सुमारास सूर्य मावळला आणि त्याच्याबरोबर मंगळही. संदेशकेंद्राने संपर्क थांबवल्याची घोषणा केली. मधल्या वाफ्यांतलं पाणी किती उतरलं, रोपांची मुळं तगली का आणि कणसं बाहेर पडली का, हे अद्याप कळलेलं नाही. संपर्क दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी मंगळ उगवल्यावर पुन्हा सुरू होणार आहे.