त्याच्या वाट्याची उत्तरं

दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून रेडिओवाला बायकोला घेऊन हॉस्पिटलला निघाला. हल्ली रेडिओ दुरुस्तीला कोणी आणत नाही, पण लोकांनी ठेवलेलं नाव काही सुटत नाही. माइक, स्पीकर, दारावरच्या घंट्या, जे जे म्हणून आवाज करतं ते सगळं तो दुरुस्त करायचा. चर्चमधला माइकही त्याच्याच हातचा. त्या माइकवर त्याची बायको गायची, आणि कॅन्सर निघाला तो नेमका तिच्या घशात.

किरणांचं मशीन तळघरात होतं. तिथे फिनेलचा आणि गरम प्लास्टिकचा वास कोंडलेला असायचा. तिच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला होता. तो तोंडावर घट्ट बसवून खटक्यांनी टेबलाला अडकवायचे, म्हणजे मान तसूभरही हलू नये. दातांत एक ठोकळा. मग सगळे बाहेर यायचे, जाड दार सरकत बंद व्हायचं आणि आत ती एकटी. पहिल्या दिवशी तिचा जीव इतका घाबराघुबरा झाला की मुखवटा काढावाच लागला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, त्या निपचित राहिल्या नाहीत तर उपचार होणार नाहीत, आणि उपचार झाले नाहीत तर…  

पण पुढच्या आठवड्यापासून ती एकदम शांत झाली. बाहेर आली की गालांवर जाळीचे वळ, आणि तरी हसतमुख.

"तुम्ही उत्तरं देता ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणून मला भीती वाटत नाही."

"कसली उत्तरं?"

"पुरे आता. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसला होतात. आता बोलायला लागलात, तर लाजता काय?"

 कसली उत्तरं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण त्याने तर एकही दिलं नव्हतं.

लग्नानंतर नव्या घरात तिला दिवेलागणीला भीती वाटायची. तेव्हा दोघांनी मिळून एक प्रार्थना जुळवली होती, एक ओळ तिची, एक त्याची. 'प्रभू, दार लावतोय,' ती म्हणायची. 'तू आत राहा,' तो म्हणायचा. 'दिवा बारीक करतोय.' 'तू जागा राहा.' 'घरात कोण कोण आहे?' 'आम्ही दोघं आणि तू.' मग दोघांचं मिळून आमेन. सगळ्या संसारात एक संध्याकाळ चुकली नव्हती. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी मात्र त्याने देवाशी अबोला धरला. जो गळा तुझी गाणी गायला, तोच सापडला का तुला, असं त्याला झालं होतं. ती आपली ओळ म्हणायची, त्याच्या ओळीपुरती थांबायची आणि पुढे जायची. एका शब्दाने तिने कधी विचारलं नाही. ते थांबणं त्याला कुठल्याही भांडणापेक्षा जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसला नाही. मशीन चालवणाऱ्या मुलीची परवानगी काढून तिच्या खोलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी उभा राहिला. पडद्यावर बायको दिसत होती, मुखवट्याखाली निश्चल. मुलीच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आतल्या मशीनची घरघर येत होती. मग कोणीतरी खाकरलं.

"तू आत राहा."

मध्ये शांतता, तिच्या ओळीएवढीच.

"तू जागा राहा."

तिसरं उत्तर घरघरीत बुडालं. आवाज त्याचा होता. बोलण्याआधीचं खाकरणंसुद्धा त्याचंच.

"तुमचं रेकॉर्डिंग छान आहे हं काका," पडद्यावरची नजर न काढता मुलगी म्हणाली. "बाकीचे पेशंट गाणी लावायला सांगतात."

"हे… तुम्ही लावलंय?"

"मी कुठे? मला वाटलं, काकूंच्या उशाशी तुम्हीच काहीतरी ठेवलंय."

उशाशी काही नव्हतं. बाहेरून आत बोलायचं बटण बंद होतं. नंतर मुलीला विचारून त्याने वायरीही पाहिल्या, सगळी जोडणी ठीकठाक. आयुष्यभर आवाजाचा माग काढण्यावर पोट भरलेल्या माणसाला स्वतःच्याच आवाजाचा माग लागेना.

त्याने चर्चच्या पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "अहो, देव बोलतोय तिच्याशी. आभार मानायचे सोडून तुम्ही वायरी कसल्या तपासताय?"

त्याला ते पटलं नाही. देव बोलला तर स्वतःच्या आवाजात बोलेल, दुसऱ्याचं खाकरणं कशाला उसनं घेईल? आणि 'आम्ही दोघं आणि तू' हे देव कोणाला म्हणेल? मग तिसरं उत्तर तो आवाज देतो तरी काय? बायकोला खरं सांगावं, तर ती उद्या त्या मुखवट्याखाली पडून राहील का? तो मूग गिळून बसला.  घरी ती आता संध्याकाळची प्रार्थनाही म्हणेना. "दुपारी झाली ना आपली," म्हणायची.

उपचाराच्या शेवटच्या दिवशी त्याने ठरवलं, आपल्या वाट्याची उत्तरं आपणच द्यायची. 'देवा, चुकलो,' असं त्याने तळघराच्या जिन्यातच म्हणून टाकलं. मशीनवाल्या मुलीने त्याच्यासाठी बोलायचं बटण दाबून धरलं. मनात ओळ म्हणून झाली की बायकोचा अंगठा किंचित हलतो, हे त्याने पडद्यावर हेरून ठेवलं होतं. अंगठा हलला की तो उत्तर देत गेला. तो दुसरा आवाज आलाच नाही. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

ती बाहेर आली ती कावरीबावरी होऊन. "आज मध्येच कोण बोलत होतं हो? तुमचं काही नीट ऐकूच आलं नाही."

"मीच होतो."

"छे. तुमचा आवाज मला कळत नाही का?"

घराखाली पोचेपर्यंत दिवे लागले होते. ती किल्ली घेऊन वर गेली. तो कोपऱ्यावरच्या दुकानात तिच्या घशाचं औषध घ्यायला थांबला. आज तिला सगळं सांगायचं, आणि प्रार्थना तिच्याबरोबर, तिच्या शेजारी बसून म्हणायची. जिना चढताना तो ओळी मनात घोळवत होता. वळणावर असतानाच वर आपल्या दाराची कडी सरकल्याचा आवाज त्याने ऐकला.

"प्रभू, दार लावतोय," आतून तिचा घोगरा आवाज आला.

कोणीतरी खाकरलं. "तू आत राहा."

"दिवा बारीक करतोय."

"तू जागा राहा."

दाराखालची उजेडाची रेघ मंदावली. तो उरलेल्या पायऱ्या धावत चढला.

"घरात कोण कोण आहे?"

"आपण दोघंच."

 "अहो… असं नाहीये ते."

 तो दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. "दार उघड. अगं, मी आहे… मी इथे बाहेर आहे."

 आत ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "कोण आहे हो? दुपारी… हाच बोलत होता."

सपाता घासत पावलं दारापाशी आली. दाराच्या पलीकडे कोणीतरी खाकरलं.

"कोणी नाही," त्याचा आवाज तिला म्हणाला. "तू झोप."