दुसरं बोट

फोन सुरू झाला, पण पडद्याच्या तळाशी एरवी उमटणारं बोटाच्या ठशाचं चिन्ह दिसलं नाही. पिनचे आकडे मागणारी चौकट तेवढी आली. निरीक्षकबाईंनी ती नीट पाहिली आणि फोन टेबलावर ठेवला.

सायबर शाखेतून निवृत्त झाल्यापासून त्या वरच्या मजल्यावर राहत. आज खालच्या दोघी बहिणींतली धाकटी धापा टाकत त्यांच्याकडे आली होती. सकाळपासून फोन गायब. दुपारी प्रयोगशाळेतल्या संगणकावर तिने मेल उघडला, तर पहाटे तिच्याच फोनवरून दूरच्या संशोधन संस्थेला दोन ओळींचा नकार गेलेला. तिथे मिळालेल्या जागेबद्दल ती महिनाभर हो-नाही करत होती. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

निरीक्षकबाई तिच्याबरोबर खाली आल्या. शोधाशोध केल्यावर फोन सापडला बाबांच्या मळक्या चादरींच्या टोपलीत. बंद केलेला.

"त्या टोपलीला मावशींशिवाय हात कोण लावतं?" ताई म्हणाली. धाकटीच्या मागे लागून अर्ज भरायला लावला होता तो हिनेच. 'तू जा गं, बाबांचं मी बघते.'

पक्षाघात झालेल्या बाबांना सांभाळणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. "माझ्या पोटावर पाय देऊ नका ताई."

"मावशी, तुमच्या बोटाने हा फोन उघडतो?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"उघडतो की. बाबांना मालिश करताना हिचे हात तेलकट. डॉक्टरांचा मेसेज आला की मीच उघडून समोर धरायचे. हिनेच माझं बोट त्यात घातलं."

"झालं तर मग!" ताई म्हणाली. "तरी सांगत होते, किल्ल्या वाटाव्यात तशी बोटं वाटू नकोस."

निरीक्षकबाई धाकटीकडे वळल्या. "रात्री फोन कुठे होता?"

"स्वयंपाकघरात. बॅटरी संपून बंद पडला होता. तसाच चार्जिंगला लावून झोपले."

"सुरू नाही केलास?"

"नाही."

"पिन कुणाला सांगितलायस?"

"कुण्णाला नाही. आमच्या जुन्या घरच्या फोनचे शेवटचे चार आकडे आहेत. ते आता कोणाला आठवणार?"

तो जुना फोन बाबांनी फडताळात जपून ठेवला होता. त्यावरच्या चिठ्ठीतले आकडे पार पुसून गेले होते.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे तो नंबर?"

"मी आल्यापासून तो मुकाच आहे हो."

निरीक्षकबाई खुर्चीत बसल्या.

"बंद फोन पुन्हा सुरू केला की पहिल्या वेळी बोट चालत नाही. पिनच लागतो. मावशींनी दहाही बोटं लावली असती तरी तो उघडला नसता. पहाटे ज्याने उघडला, त्याला ते आकडे तोंडपाठ होते. बाबा अंथरुणावर. उरल्या दोघी बहिणी. धाकटीला नकार द्यायचा असता, तर ती माझा जिना कशाला चढली असती? ताई, पिन तुला कुणी सांगायची गरजच नव्हती. एका घरात वाढलात, पहिलाच अंदाज बरोबर आला. मावशींचं बोट फोनमध्ये आहे हे तुला ठाऊक होतं. म्हणून फोन गेला मावशींच्या टोपलीत."



"ताई?" धाकटी तिच्याकडे वळली. "काहीतरी बोल ना."

"रोज तुला जा म्हणायचे. रोज वाटायचं, एकदा तरी विचारशील, ताई, तुझं काय? मला एकटीला बाबा झेपणार नाहीत गं."

"मग तसं म्हणायचंस! मी भांडले असते, रडले असते, कदाचित राहिलेही असते. तू माझ्याच नावाने नाही म्हणालीस. वर मावशींना चोर ठरवलंस. घरात सगळं सांगायचे ती फक्त तुला."

आत बाबा कण्हले. मावशी आत गेल्या.

धाकटीने आधी पिन बदलला. मग संस्थेला फोन लावला. तो नकार आपला नव्हता, हे तिने शांतपणे सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईने घाईने तिचा दंड धरला. धाकटीने तो हळूच सोडवून घेतला.

"हो," ती म्हणाली. "मी येतेय."