मानेवरचं लेबल

भूत रात्री बाराला येतं, असं मीही वाचत आले. माझ्याकडे आलं ते दुपारी सव्वातीनला. तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसले होते.

तारीखही सांगते. तेरा डिसेंबर दोन हजार आठ, शनिवार. गाव मध्य प्रदेशातलं बालाघाट. हनुमान चौकामागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान. दुकान म्हणजे काय, घराचीच पुढची खोली.

ज्याला खोटं वाटत असेल त्याने येऊन माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट बघावं. त्याला शेंडा नाही.

वल्लरी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून माझीच. एकोणिसाव्या वर्षी हिला सायबर कॅफेत जपानी मुलींचे फोटो दिसले आणि पोरगी वेडी झाली. बाहुलीसारखे फ्रॉक. गुडघ्यापर्यंत फुगलेला घेर, झालरीवर झालर, छातीवर बो, डोक्यावर बो.

"हे तर बालवाडीच्या पोरींचे कपडे आहेत," मी म्हटलं.

"मावशी, मोठ्या मुली घालतात. फॅशन आहे."

"अन् त्यांच्या मावश्या काही म्हणत नाहीत?"

तिने एक वही केली होती. त्यात त्या फ्रॉकच्या सात ब्रँडची नावं. जपानी अक्षरं, रांगोळी काढावी तशी बघून बघून काढलेली. ती वही घेऊन गावातलं एकूणएक दुकान पालथं घातलं. एक शेठ म्हणाला, "बेटी, ब्रँडेड चाहिये तो जीन्स ले जाओ."

नेटवर तिला नागपूरच्या तीन मुली भेटल्या होत्या, याच छंदाच्या. रविवारी त्या सगळ्या जमणार होत्या.

"मी शिवून देतो ना तुले," मी म्हटलं.

"शिवलेला नाही चालत. बिना लेबलवालीला त्या नकली म्हणतात." हे बोलताना तिने मान खाली घातली.

मला ते फार लागलं. आई नसलेल्या पोरीला कोणी नकली म्हणावं?

तरी मी शिवायला घेतला. गुलाबी सॅटिन, बारा मीटर लेस. फ्रॉक असा उतरला की माझीच त्याला दृष्ट लागावी. राहिलं फक्त लेबल.

ते मिळालं काली पुतली चौकात. तिथे दुलीचंद विदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून विकायचा. वल्लरी त्याच्या ढिगाऱ्यात घुसली आणि किंचाळलीच.

फ्रॉक. तस्साच. मळकट गुलाबी.

"कटा हुआ माल है, बाई," दुलीचंद म्हणाला. "ऐसे ही ले जाओ. तीन बार बेचा, तीनों बार वापस आया."

मी घरी आणून उलटापालटा केला. फाटलेलं कापड मला कळतं आणि कापलेलंही कळतं. हा कापलेला होता. समोरून मधोमध, घेरापासून गळ्यापर्यंत. खालून वर. घाईघाईने.

आणि मानेपाशी लेबल. त्याच्याभोवती तपकिरी डाग. धुऊन धुऊन न गेलेला.

लेबलवरची अक्षरं वहीतल्या सातही नावांशी जुळेनात.

"म्हणजे हा आठवा," वल्लरी म्हणाली. "कोणालाच माहीत नसलेला!"

मी हसले. लेबल उसवलं. जुना फ्रॉक खिळ्याला टांगला.

शनिवारी साडेचारची नागपूरची बस. तीन वाजता वल्लरी नवा फ्रॉक घालून, ओठ रंगवून आरशासमोर उभी. आणि लेबल लावायचं राहिलेलं.

"उतरव, दोन मिनिटांचं काम आहे."

"मावशी, पाठीला बावीस हुक आहेत! तसंच लाव ना."

आमच्याकडे एक रीत आहे. अंगावरचं कापड शिवायचंच असेल, तर घालणाऱ्याने दातात काडी धरायची. अंगावर शिवतात ते मेलेल्याचं कापड. काडी धरली की समजतं, हे माणूस जिवंत आहे.

कोणाला समजतं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

मी झाडूची काडी तोडून दिली. तिने धरली आणि लगेच काढलीही.

"लिपस्टिक निघते, मावशी."

आणि मी... मी बरं म्हटलं.

चार टाके घातले. कोपऱ्याला एक. दातांनी दोरा तोडला आणि घेराची एक झालर लोंबत होती, ती टाचायला खाली बसले.

लाइट गेली. ती रोजच जायची.

पण बाहेरचा आवाजही गेला. चौकातल्या टेम्पोचा, शेजारच्या रेडिओचा. अंगणात दुर्गाबाई माझ्या ब्लाउजांना काज करत बसायची, तिचं गुणगुणणंही नाही.

मग तो आवाज आला.

सर्र...

सर्र...

तीस वर्षं ऐकत आलेला आवाज. कापडातून दोरा ओढल्याचा.

सुई माझ्या हातात होती.

"मावशी, टोचतंय," वल्लरी म्हणाली. मग, "हळू ना गं."

मी वर पाहिलं. तिच्या मानेमागे कोणीच नव्हतं. लेबलच्या कडेने रक्ताचा थेंब फुटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. रांगेत. सारख्या अंतरावर.

"वल्लू, काढ! काढ ते!"

तिने तोंड उघडलं, पण श्वासच आला नाही. फ्रॉक कमरेत आवळत होता. मी मापाला दोन इंच सैल ठेवला होता, तो फ्रॉक माझ्या डोळ्यांसमोर तिच्या बरगड्यांत रुतला.

आतून काहीतरी मोडलं. काटकी मोडावी तसं.

ती जमिनीवर बसली. म्हणजे बसवली गेली. पाय समोर सरळ, पंजे आत वळलेले. बाहुली बसते तशी. उजवा हात आपोआप वर जाऊ लागला. खांदा जिथे थांबतो तिथे तो थांबला नाही.

कट्ट...

तिचे डोळे माझ्याकडे होते. पापणी लवत नव्हती. पाणी तेवढं वाहत होतं.

मी हुकांना नखं घातली. नखं तुटली, हुक सुटला नाही. मग मोठी कात्री घेतली. गळ्यात पातं शिरायला जागा नव्हती, कमरेत नव्हती. जागा होती ती फक्त खाली, घेरात.

म्हणून खालून कापत सुटले. समोरून, मधोमध.

छातीपर्यंत गेले आणि कात्री अडली. पलीकडून कोणीतरी पातं धरलं होतं. मी ढकलत होते, ते मागे ढकलत होतं. एका झटक्यात पातं फिरलं आणि माझं बोट...

दुखलं नाही. एवढंच दिसलं की गुलाबी सॅटिनवर लाल पिचकारी उडाली.

मी ओरडले असेन. दुर्गाबाई आत आली. सत्तर वर्षांची बाई, दारातच तिने सगळं ओळखलं.

"काडी कुठी हाय? काडी दिली नाही काहून?"

"काढली तिनं..."

"अन् तू काढू देल्ली? शिकली सवरली तू!"

तिने वल्लरीचे जबडे पकडले. दात घट्ट मिटलेले. म्हातारीने चमचा घालून ते उचकटले. एक दात त्यात तुटला. पहिली काडी आत गेली आणि मोडली. दुसरीही मोडली. तिसरी तिने आडवी घातली आणि दोन्ही हातांनी तोंड मिटून धरलं.

"जिती हाय हे!" ती खोलीकडे बघून ओरडली. "दिसत नाही काय? जिती हाय पोरगी! सोड तिले!"

मी पुन्हा कात्री लावली. लोण्यातून जावी तशी गेली.

वल्लरीने श्वास घेतला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फ्रॉक गळून पडला, पण लेबल पडलं नाही. ते तिच्या मानेच्या कातडीला शिवलेलं होतं. मी बोटाला चिंधी गुंडाळली, अर्धं ब्लेड घेतलं आणि पोरीच्या मानेचे टाके उसवले. एक एक. मोजत गेले.

बावीस.

मी चार घातले होते. आणि एवढा सफाईदार हात माझा आजही नाही.

दवाखान्यात मशीनवर पडली म्हणून सांगितलं. खांदा निखळलेला, दोन बरगड्या मोडलेल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मारलं होतं तिला. मी खाली बघितलं. काडीवर बरं म्हणणारी मीच होते ना.

दुसऱ्या दिवशी घरी आले. खिळ्याला जुना फ्रॉक तसाच होता.

पण कापलेला नव्हता. घेरापासून गळ्यापर्यंत नव्याने शिवलेला. बारीक, देखणे टाके.

जमिनीवर माझा गुलाबी पडला होता, समोरून मधोमध उघडा. खालून वर. घाईघाईने कापलेला.

मला तेव्हा समजलं. तो जुना फ्रॉकही कोणाच्यातरी मावशीने कापला होता. तिला कोणी दुर्गाबाई भेटली की नाही, देव जाणे.

दुर्गाबाईने दोन्ही फ्रॉक वैनगंगेच्या काठी जाळले. लेबल सापडलं नाही. खोलीचा कोपरा न् कोपरा शोधला.

वल्लरी आता पुण्यात नोकरी करते. केस मोकळेच सोडते. साधे कुडते घालते. तरी अजून रोज मोबाइलवर तो आठवा ब्रँड शोधते. वहीत तिने अक्षरं उतरवून ठेवली होती. मी एकदा चिडले, "आता कशाला पाहिजे तुले तो?"

"पाहिजे नाही, मावशी. त्यांनी असे किती बनवले, ते बघायचंय."

परवा दिवाळीला आली होती. सकाळी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले, केस बाजूला केले आणि सवयीने मानेवरचे टाक्यांचे व्रण मोजले.

सव्वीस.

चार नवे होते. कोवळे, लालसर. कोपऱ्याला एक.

उठले, झाडूची एक काडी तोडली आणि तिच्या हातात दिली.

ती काडी दातात धरून बसली.